कपाटातल्या फुगलेल्या बॅटऱ्या

मागच्या महिन्यात ऑफिसमधून घरी येताना एका अनोळखी नंबरवरून फोन आला. "दादा, मी आपल्या कॉलेजमधून बोलतोय, रोबोकॉन टीम परत सुरू केलीये आम्ही, तुम्ही २०१५ च्या बॅचचे ना, तुमच्या वेळचा कोड आहे का कुठे?" मी गाडी बाजूला घेतली. रोबोकॉन म्हणजे कॉलेजच्या पोरांनी रोबोट बनवून खेळायची स्पर्धा, आमच्या कॉलेजचीही तिच्यासाठी एक टीम होती. आमच्या टीमचं नाव दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकून कितीतरी वर्षं झाली होती, दोन मिनिटं काही बोलताच येईना.

कोड, म्हणजे रोबोट चालवायचा प्रोग्राम, माझ्याकडे नव्हता. ज्याच्याकडे होता तो आमचा इलेक्ट्रॉनिक्सवाला आता जर्मनीत असतो, त्याला लगेच मेसेज टाकला तर म्हणाला अरे तो लॅपटॉप २०१६ लाच गेला, हार्ड डिस्कसकट. म्हणजे चार वर्षांचं काम, आमच्या बॅचचं आणि आधीच्यांचं, एका लॅपटॉपमध्ये होतं आणि त्याच्यासोबत गेलं.

मग पुढचा तासभर तो पोरगा विचारत होता आणि मी आठवत होतो. चाकं घसरतात त्याला काय करायचं, ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप किती जाडीचा घ्यायचा, ओम्नी व्हील, म्हणजे आडवीही सरकणारी चाकं, बनवायची का विकत घ्यायची. आणि मग त्याने विचारलं, "दादा, सोलेनॉइड व्हॉल्व्ह बंद होतो ना, तेव्हा मधेच कंट्रोलर रिसेट होतो, कधी होतो कधी नाही, काहीच कळत नाहीये." सोलेनॉइड व्हॉल्व्ह म्हणजे विजेवर उघडबंद होणारी हवेची झडप आणि कंट्रोलर म्हणजे रोबोटचा मेंदू. हे ऐकलं आणि मी गप्पच झालो. कारण या एका प्रश्नावर आम्ही २०१२ च्या जानेवारीत तीन रात्री काढल्या होत्या. वायरिंग दोनदा उपसलं, कंट्रोलर बदलला, सप्लाय बदलला, एकमेकांवर ओरडलो, आणि शेवटी उत्तर निघालं एक-दोन रुपयांचा डायोड, वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटासा पार्ट. नंबर फोर डबल झिरो सेव्हन. व्हॉल्व्हच्या कॉइलवर तो उलटा लावायचा, कॉइल बंद होताना जो झटका मारते तो तिथल्या तिथे जिरतो. बास एवढंच.

तर तो डायोड आम्हाला सापडला, आमच्या पाठच्यांना आमच्या तोंडून कळला, त्यांच्या पाठच्यांनी तयार बोर्ड विकत आणला ज्यात तो आधीच बसवलेला होता म्हणून तो तिथे का आहे हे कुणी विचारलंच नाही, आणि आता २०२५ मध्ये हा मुलगा परत त्याच तीन रात्री काढतोय. कॉलेजमधल्या टीम्स का टिकत नाहीत असं कुणी विचारलं की लोक पैसा, कॉलेजचा सपोर्ट, प्लेसमेंट असं सगळं सांगतात, ते खोटं नाहीये, पण मला विचाराल तर या डायोडमध्ये सगळं आलं.

ज्यांना रोबोकॉन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची (एबीयू) ही स्पर्धा २००२ मध्ये टोकियोत सुरू झाली, भारतातली फेरी दूरदर्शन घेतं म्हणून आपल्याकडे डीडी रोबोकॉन म्हणतात, इथे जिंकलेली टीम बाहेर खेळायला जाते. जो देश यजमान तो खेळ ठरवतो आणि बहुतेक वेळा आपल्या मातीतलंच काहीतरी घेतो. २००८ ला पुण्यात झाली तेव्हा थीम दहीहंडीची होती. २०१२ ला हाँगकाँगने त्यांच्याकडची बन-पावांची जत्रा घेतली, २०१५ ला इंडोनेशियाने बॅडमिंटन दिलं. म्हणजे दरवर्षी मैदान नवं, नियम नवे, रोबोट शून्यापासून. वर्षभर राबायचं आणि मॅच तीन मिनिटांची. आमच्या वेळी देशातली फेरी मार्चमध्ये पुण्यात बालेवाडीला असायची, ते वातावरण ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको आणि ज्याने नाही पाहिलं त्याला सांगून कळणार नाही.

आमची टीम २०११ मध्ये पाच टीईच्या, म्हणजे थर्ड इयरच्या मुलांनी सुरू केली, मी तेव्हा फर्स्ट इयरला. वर्कशॉपच्या मागे ड्रॉइंग बोर्ड ठेवायची एक खोली होती, ती प्राचार्यांच्या पाया पडून मिळवलेली. पहिल्या वर्षी आमचा रोबोट स्टार्ट झोनमधून बाहेरच पडला नाही, तरी परत येताना बसमध्ये सगळे गात होते. पहिल्या दोन-तीन वर्षांत प्रत्येक टीमकडे ही ताकद असते, कारण ज्यांनी सुरू केलीये तीच पोरं अजून तिथे असतात, त्यांना कुणी काही समजावून सांगायला लागत नाही, सगळं त्यांच्या डोक्यात असतं. रोबोटला लागणारी दाबाची हवा भरायला दोन लिटरच्या सोड्याच्या बाटल्या चालतात पण चरा पडलेली बाटली लगेच फेकायची, हे कुठे लिहिलेलं नव्हतं, सगळ्यांना माहीत होतं. कुठल्या मोटरचा गिअरबॉक्स आवाज करायला लागला की समजायचं, तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्या दुकानात कनेक्टर खरा मिळतो, भोसरीत कोण आपलं छोटं काम मशीनवर घेतो आणि कोण "ठेवून जा, बघतो" म्हणून पंधरा दिवस लावतो, सगळं डोक्यात.

आणि इंजिनिअरिंग चार वर्षांचं. त्यातलं पहिलं वर्ष ओळख होण्यात जातं, शेवटच्या वर्षाला प्लेसमेंट आणि प्रोजेक्ट, म्हणजे खरं काम करणारा माणूस टीमला दोन वर्षं मिळतो, फार तर अडीच. दोन वर्षांत अख्खी टीम बदलते. एखाद्या गॅरेजमध्ये दर दोन वर्षांनी सगळे मेकॅनिक बदलले आणि जाणाऱ्याने येणाऱ्याला काहीच दाखवलं नाही तर ते गॅरेज किती चालेल.

माझं स्पष्ट मत आहे की आमची टीम आम्ही बुडवली, तीही आमच्या सगळ्यात चांगल्या वर्षात. २०१५. बॅडमिंटन. दोन रोबोटनी डबल्स खेळायची, शटल उडतं तिथे रॅकेट न्यायची, हवेच्या दाबावर चालणाऱ्या न्यूमॅटिक सिलिंडरने मारायचं. आम्ही आठ जण होतो बीईचे, म्हणजे शेवटच्या वर्षाचे, खेळ अवघड, वेळ कमी, आणि या वर्षी काहीतरी करून दाखवायचंच असं डोक्यात बसलेलं. मग आम्ही काय केलं, तर सगळं स्वतः केलं. डिझाइन आम्ही, कोड आम्ही, असेंब्ली आम्ही, ड्रायव्हर आमच्यातलाच. खाली वीसेक ज्युनियर होते, ते पाइप कापायचे, कानस मारायचे, सामान आणायचे, रात्री दोन वाजता चहा आणायचे. ज्युनियरला एक गोष्ट शिकवायला दोन तास जाणार आणि मी ती वीस मिनिटांत करणार, मग मीच करतो ना, असा हिशोब. त्या रात्रीपुरता तो हिशोब बरोबरच असतो, म्हणून तर सगळे तोच करतात.

सेकंड इयरची एक मुलगी होती, ई अँड टीसीची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सची. तिने ऑक्टोबरमध्ये आल्या आल्या एक लांब वही केली होती, रजिस्टरसारखी, त्यात प्रत्येक वायरचा रंग, कुठून कुठे जाते, कनेक्टर कुठला, फ्यूज किती अँपिअरचा, सगळं तक्त्यात. आम्हाला वायरिंग बदलायची सवय, रात्री बदललं की सकाळी ती येऊन विचारायची काय बदललं आणि वही दुरुस्त करायची. डिसेंबरमध्ये ती म्हणाली, "दादा, दुसऱ्या रोबोटचं वायरिंग मी करू का?" मी म्हणालो नंतर बघू, आत्ता वेळ नाहीये. त्यात तिला हॉस्टेलला नऊला आत जायचं असायचं आणि आमचं खरं काम सुरूच व्हायचं नऊनंतर, म्हणजे काम कसं चालतं हे तिला बघायलाही मिळत नव्हतं. जानेवारीत ती यायची बंद झाली. कुणी विचारलंही नाही का. ती वही खोलीत काही दिवस होती, मग कुणीतरी तिची पानं फाडून त्यावर मोजमापं लिहिली.

मला आज विचाराल तर त्या वर्षी आमच्या टीमकडे सगळ्यात मौल्यवान वस्तू ती वही होती, रोबोट नव्हता. रोबोट तर मार्चनंतर मोडायचाच होता. आम्ही बाद फेरीपर्यंत गेलो, खूप आनंद झाला, फोटो अजून आहेत. पण पुढच्या वर्षी टीम चालवू शकणारी एक मुलगी आमच्यासमोर वही घेऊन उभी होती आणि आम्ही तिला पाहिलं नाही, हे मला त्या बाद फेरीपेक्षा जास्त आठवतं.

आता बॅटऱ्यांचं सांगतो. मार्चमध्ये स्पर्धा झाली, लगेच सबमिशन, ओरल्स, परीक्षा, आम्ही पास होऊन निघून गेलो. लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमरची बॅटरी कशी ठेवायची ते आम्हाला माहीत होतं, पूर्ण चार्ज केली की एका सेलला ४.२ व्होल्ट येतात, पण ठेवून द्यायची असेल तर सेलमागे ३.८ च्या आसपास आणून ठेवायची, ना भरलेली ना रिकामी. तीनच्या खाली गेली की गेली. हे आमच्यातल्या तिघांना माहीत होतं आणि तिघंही मे महिन्यात गेले. ऑगस्टमध्ये नवीन रूलबुक आलं म्हणून ज्युनियरांनी कपाट उघडलं तर चार पॅक होते, दोन फुल चार्ज करून ठेवलेले, उन्हाळाभर पत्र्याच्या कपाटात, आणि दोनांना व्होल्टेज बघायचा बझर तसाच लावलेला, त्याने हळूहळू करून त्या पार पिऊन टाकल्या. चारही उशीसारख्या फुगलेल्या. प्रत्येकी साडेतीन-चार हजार. मला फोटो आला व्हॉट्सअॅपवर, त्या पोरांना वाटलं डिफेक्टिव्ह माल आला होता.

त्या वर्षीचा खेळ परत पूर्ण वेगळा होता, २०१६ चा, थायलंडचा. एक रोबोट असा की त्याला स्वतःला पुढे जायला मोटर लावायचीच नाही, दुसऱ्या रोबोटने त्याला हात न लावता, वारा मारून नाहीतर अशाच कशाने ढकलायचं, त्याने फक्त स्वतःची दिशा सांभाळायची. बॅडमिंटनचं रॅकेट इथे काय कामाचं. पण मोटर कशी चालवायची, सेन्सरचं रीडिंग कसं स्थिर करायचं, मैदानावरची पट्टी ओळखून कसं वळायचं, बॅटरी कशी ठेवायची, हे सगळं तेच असतं आणि नेमकं हेच कुणाकडे नव्हतं. खेळ बदलतो म्हणून टीम मरते असं जे म्हणतात ते मला अर्धवटच पटतं.

पैशाचं पण सांगायला हवं कारण त्यात एक गोष्ट कुणी बोलत नाही. कॉलेज पैसे देत नाही ही तक्रार सगळे करतात, आमच्या कॉलेजने दिले, पण ॲडव्हान्स म्हणून दिले आणि तो कॅप्टनच्या नावावर चढवला. बाजारात फिरून घेतलेल्या सामानाची बिलं निम्मी कच्ची, काही वस्तूंना तीन कोटेशन हवी होती ती नाहीत, अकाउंट्सने बिलं परत केली. आमच्या कॅप्टनच्या नावावर सदतीस हजार तसेच राहिले आणि पास झाल्यावर त्याचं नो ड्यूज अडकलं, नो ड्यूज नाही म्हणून लीव्हिंग नाही, जॉइनिंगची तारीख डोक्यावर. शेवटी त्याच्या वडिलांनी भरले. वडील एसटीत होते. ही गोष्ट कॉलेजभर झाली आणि पुढच्या वर्षी कॅप्टन व्हायला कुणी तयार होईना, आणि का व्हावं त्यांनी. टीम कागदावर कुणाच्या नावावर आहे हे बघा, एकोणीस-वीस वर्षांच्या पोराच्या नावावर असेल तर ती टीम त्या पोराबरोबर संपते. ज्या सरांनी आम्हाला उचलून धरलं होतं ते कंत्राटी होते, त्यांचं पुढचं वर्ष रिन्यू झालं नाही, त्यामुळे सही करायलाही कुणी उरलं नाही.

२०१६ ला टीम कशीबशी गेली, २०१७ ला गेलीच नाही. खोलीत परत ड्रॉइंग बोर्ड आले. मग २०१९ मध्ये काही उत्साही पोरांनी परत सुरू केली, त्यांचा नवा ग्रुप, नवा लोगो, आणि पुढच्याच वर्षी कोरोना. २०२० ची स्पर्धा फिजीमध्ये व्हायची होती, रग्बीची थीम, ती तशी झालीच नाही, २०२१ ची ऑनलाइन झाली. ज्यांच्या टीम्स पक्क्या होत्या त्यांना पण हे जड गेलं असणार, कारण वर्कशॉप बंद म्हणजे हातात पाना धरायला मिळत नाही, झूमवर कुणी वेल्डिंग शिकत नाही. आमच्यासारख्या एक वर्षाच्या टीमचं तर बी सुद्धा राहिलं नाही.

आणि २०२२ ला यजमान भारत. दिल्लीत. थीम काय, तर लगोरी! आपली लगोरी, सात फरशीचे तुकडे एकावर एक, चेंडू मारायचा, पाडायची, परत रचायची. ती बातमी वाचली त्या दिवशी मी जुन्या ग्रुपवर टाकली, सगळ्यांनी हार्ट टाकले, कुणीतरी लिहिलं आपण असतो तर फाडली असती. आमच्या कॉलेजची टीम त्या वर्षी नव्हतीच. लहानपणी वाड्यात ज्या पोरांनी लगोरी खेळली त्यांच्या कॉलेजकडे लगोरी रचणारा रोबोट न्यायला कुणी नव्हतं. फार लागलं मला ते.

मी बरेच वर्षं हेच समजत होतो की विद्यार्थ्यांची टीम म्हणजे अशीच असणार, येणार-जाणार. मग पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजच्या स्वयम् उपग्रहाचं नीट वाचलं. एक किलोच्या आतला उपग्रह, विद्यार्थ्यांनी केलेला, २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ मधून गेला, पण काम २००८ ला सुरू झालेलं. आयआयटी मुंबईचा प्रथम उपग्रह पण तसाच, २००७ ला सुरू, २६ सप्टेंबर २०१६ ला पीएसएलव्ही-सी३५ मधून गेला. आठ-नऊ वर्षं, म्हणजे पोरांच्या किती बॅच बदलल्या बघा. ज्यांनी सुरू केलं ते पास होऊन नोकरीला लागून लग्न होऊन बसले तेव्हा उपग्रह वर गेला. आणि ती पण आपल्यासारखीच मुलं, तीच सबमिशन, तीच प्लेसमेंट.

मला यातून जे वाटलं ते असं की त्या मुलांना पहिल्या वर्षापासून माहीत होतं की हे आपल्या हातून पूर्ण होणार नाहीये. इस्रोपुढे रिव्ह्यूला जायचं म्हणजे कागद लागतात, तोंडी चालत नाही. पुढच्याला देणं हा त्यांच्या कामाचाच भाग होता, ते नाही केलं तर उपग्रहच होत नाही. आमचं काय व्हायचं, दर मार्चला काम "पूर्ण" व्हायचं. स्पर्धा झाली की संपलं. काहीच न लिहिता, कुणालाच न शिकवता आम्ही स्पर्धा खेळू शकत होतो, नीट खेळलो सुद्धा, त्यामुळे आपण काय सोडून चाललोय हे आम्हाला कळलंच नाही. २०१४ मध्ये एबीयूची फायनल बालेवाडीला होती तेव्हा आम्ही सगळे बघायला गेलो होतो, थीम होती आई-बाप रोबोट आणि मूल रोबोट, मोठा रोबोट छोट्याला उचलून बागेत नेतो, सीसॉवर बसवतो, झोक्यावर बसवतो, मग ते मूल स्वतः जंगल जिम चढतं. आम्ही तिथे बसून ग्रिपर कसा केलाय तेवढंच बघत होतो.

त्या पोराला फोनवर मी फार ज्ञान दिलं नाही, त्याला आत्ता ते नको होतं, त्याला रिसेट थांबवायचा होता. डायोड सांगितला. मग एवढंच म्हणालो की या वर्षी दोनपैकी एका रोबोटचं वायरिंग सेकंड इयरला पूर्ण देऊन टाक, चुकू दे, तू बाजूला स्टूल घेऊन बस पण हात लावू नको. आणि दिवसा काम करा, चार ते साडेआठ, मुली पण असतात टीममध्ये. तो म्हणाला दादा दिवसा लेक्चर असतात, ॲटेंडन्स आहे. म्हटलं मग शनिवार-रविवार. म्हणाला बघतो. ॲडव्हान्स मात्र स्वतःच्या नावावर अजिबात घेऊ नको, डिपार्टमेंटच्या नावावर घ्यायला लाव, हे मी तीनदा सांगितलं.

पुढच्या शनिवारी मी गेलो. खोली तीच, ड्रॉइंग बोर्ड भिंतीला टेकवून जागा केलेली. आमचं पत्र्याचं कपाट अजून तिथेच, कडी तशीच वाकडी. सोबत एक नवीन लांब वही घेऊन गेलो होतो, जाड पुठ्ठ्याची, पहिल्या पानावर डायोडचं चित्र काढून दिलं. बाकी पानं कोरी ठेवली. एक सेकंड इयरची मुलगी खाली बसून क्रिंपिंग, म्हणजे वायरच्या टोकांना कनेक्टर दाबून बसवायचं काम, करत होती, तिने बॅटरी हातात घेऊन विचारलं, "दादा, ही दिवाळीच्या सुट्टीत कितीवर ठेवायची?" मी सांगितलं. ती वहीत लिहायला लागली, मग थांबली, म्हणाली वही कुणी नेली तर. उठली, काळा मार्कर घेतला आणि कपाटाच्या दाराला आतून, मोठ्या अक्षरात लिहिलं: सेलमागे ३.८, बझर काढून ठेवा.